जाग आली म्हणून आठवलं

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. रात्री साडेअकराला पडलेल्या स्वप्नाविषयी मात्र कुणी काहीच म्हणत नाही. म्हणणार तरी काय, ते कुणाला आठवलेलंच नसतं.

आयुर्वेदाच्या आचार्यांच्या नजरेतूनही हे सुटलेलं नव्हतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, शारीरस्थानात, स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेल्या, ऐकलेल्या आणि अनुभवलेल्या गोष्टींची स्वप्नं, इच्छेतून आलेली, कल्पनेतून आलेली, पुढच्या घटनेची चाहूल देणारी आणि वात-पित्त-कफ बिघडल्यामुळे पडणारी. कोणत्या स्वप्नाला किती फळ याचा हिशेबही तिथेच आहे. विसरलेलं स्वप्न निष्फळ. पूर्वरात्रीचं स्वप्न उशिरा आणि थोडकं फळ देणारं. गोसर्गाच्या वेळी, म्हणजे गाई सोडतात त्या सुमाराला पडलेलं स्वप्न त्याच दिवशी मोठं फळ देणारं. चरकसंहितेत आणखी एक अट आहे. जे पाहिल्यावर माणूस पुन्हा झोपत नाही, ते स्वप्न महत्त्वाचं. यातला फळाचा भाग मला पटत नाही. पण तो वगळून वाचलं तर हे स्मरणशक्तीविषयीचं फार चोख निरीक्षण आहे. पहाटेची वेळ आणि स्वप्नानंतर टिकून राहिलेली जाग, स्वप्न लक्षात राहायला मुख्यतः एवढंच लागतं.

आपण सांगताना क्रम उलटा लावतो. ‘स्वप्न इतकं स्पष्ट होतं की मला जागच आली, अजून डोळ्यांसमोर आहे.’ म्हणजे स्वप्न ठसठशीत, म्हणून जाग, म्हणून आठवण. असं घडतं, नाही असं नाही. पण बहुतेक रात्री गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. आधी जाग येते, मग हाताशी जे स्वप्न सापडतं ते आपण पकडतो आणि पकडता आलं म्हणून ते ठसठशीत वाटतं. तितकीच रंगीत, तितकीच भीतीदायक कितीतरी स्वप्नं मधल्या वेळात आली आणि गेली, त्यांची आपल्याकडे नोंदच नाही.

ही नोंद करण्याचा एक सुरुवातीचा पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत मेरी कॅल्किन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केला. वेलस्ली कॉलेजात त्या शिकवत. त्यांनी आणि एडमंड सॅनफर्ड यांनी काही आठवडे रात्री वेगवेगळ्या वेळी गजर लावून स्वतःला उठवलं आणि उशाशी ठेवलेल्या कागदावर मेणबत्तीच्या उजेडात स्वप्नं टिपून घेतली. 1893 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात 375 स्वप्नांचा हिशेब आहे आणि त्यांतली बरीचशी पहाटेच्या हलक्या झोपेतली आहेत. पण मला त्या आकड्यांपेक्षा बाईंची एक तक्रार जास्त मोलाची वाटते. कागदाकडे हात नेला किंवा मेणबत्ती पेटवली, एवढ्याशा हालचालीनेही स्वप्न विरून जातं आणि काहीतरी छान पाहिलं होतं एवढीच चुटपुट मागे राहते. हे वाचताना कुणीही मान डोलवेल. (याच कॅल्किन्सबाईंचं डॉक्टरेटचं काम पूर्ण झालं होतं, पण केवळ बाई म्हणून हार्वर्डने त्यांना पदवी दिली नाही. पुढे 1905 साली त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या.)

यानंतर जवळजवळ साठ वर्षं या विषयात फार काही हललं नाही. मग 1951 च्या डिसेंबरात शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्याला आणि पापण्यांजवळ तारा चिकटवल्या. मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उमटवणारं एक जुनंपानं यंत्र त्याला अडगळीतून मिळालं होतं. मुलगा झोपला. काही वेळाने यंत्राच्या लेखण्या अशा वेगाने वरखाली नाचू लागल्या, की मुलगा टक्क जागा आहे आणि इकडेतिकडे पाहतोय असं वाटावं. ॲसरिन्स्की आत जाऊन पाहतो तर आर्मंड गाढ झोपलेला, फक्त मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरताहेत. यंत्रच बिघडलं असणार, हा त्याचा पहिला संशय. त्याचे मार्गदर्शक नेथॅनियल क्लाइटमन हे झोपेच्या अभ्यासातले जाणते गृहस्थ, पण त्यांनाही पटेना. त्यांनी स्वतःच्या मुलीला, एस्थरला, झोपवून पाहिलं. तिथेही तेच. 1953 साली दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हा शोध जाहीर केला. डोळ्यांच्या जलद हालचालींच्या या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेम’ झोप म्हणतात. बुबुळं फिरत असताना त्यांनी माणसांना 27 वेळा उठवलं, त्यांतल्या 20 वेळा सविस्तर स्वप्न ऐकायला मिळालं.

क्लाइटमन यांचाच दुसरा विद्यार्थी विल्यम डिमेंट याने 1957 साली आकडे आणखी पक्के केले. रेम झोपेतून 191 वेळा उठवलं, 152 वेळा स्वप्न आठवलं. इतर झोपेतून 160 वेळा उठवलं, तर फक्त 11 वेळा. त्याहून लक्षणीय बाब अशी, की रेमचा टप्पा संपून काही मिनिटं लोटल्यावर उठवलं तर आठवण झपाट्याने ओसरायची. माणूस तोच, स्वप्न तेच, पाच-दहा मिनिटांचा उशीर झाला की हाती शून्य. पुढे 1962 साली डेव्हिड फौल्क्स यांनी प्रश्न बदलला. ‘स्वप्न पडत होतं का?’ असं न विचारता ‘मनात काय चाललं होतं?’ असं विचारल्यावर रेम नसलेल्या झोपेतूनही निम्म्याहून अधिक वेळा काही ना काही निघालं. त्यामुळे स्वप्न म्हणजे रेम असं समीकरण आता कुणी मांडत नाही. पण नाटक, माणसं, पळापळ, भीती असा मालमसाला असलेली लांबलचक स्वप्नं सर्वाधिक रेममध्येच सापडतात.

आता रात्रीची मांडणी पाहू. प्रौढ माणसाची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी पुढे सरकते, रात्रीत अशी चार-पाच. सुरुवातीच्या आवर्तनांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेम जेमतेम दहा मिनिटांची. रात्र सरत जाते तशी गाढ झोप आटते, रेम वाढते, आणि पहाटेचा टप्पा अर्ध्या तासापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातो. दिवसाच्या कामाने आलेला झोपेचा दाब तोवर बराचसा फिटलेला असतो. शरीराचं तापमान किमान पातळी गाठून पुन्हा चढू लागतं. म्हणजे सगळ्यांत लांब स्वप्नं आणि सगळ्यांत हलकी झोप यांची गाठ नेमकी पहाटेच पडते. पाणी भरायची वेळ, दूधवाला, रस्त्यावरच्या झाडूची खरखर, भरलेलं मूत्राशय, काहीही जागं करायला पुरेसं होतं.

शिवाय रेमच्या शेवटी क्षणभर जागं होणं हे झोपेच्या घडणीतच आहे. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो, पुन्हा झोपतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. अमेरिकी संशोधक फ्रेडरिक स्नायडर यांनी 1966 साली एक कल्पना मांडली, की रेम ही झोपेतली पहारेकऱ्याची पाळी असावी. मेंदू ठरावीक वेळाने जवळजवळ जागा होतो, भोवताली काही धोका आहे का याची चाहूल घेतो आणि परत झोपतो. ही कल्पना सिद्ध झालेली नाही, पण रेममधला मेंदू जागेपणाच्या उंबरठ्यावर असतो हे खरं आहे. त्याच्या लहरी जाग्या माणसासारख्या असतात. शरीर मात्र लुळं पडलेलं असतं. डोळे आणि श्वासपटल सोडलं तर बहुतेक स्नायूंना हालचालीचा हुकूम पोहोचतच नाही. फ्रान्समधल्या लिआँचे मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर हे दाखवलं आणि या झोपेला विरोधाभासी झोप असं नाव दिलं.

मग इतका जागा मेंदू विसरतो कसा?

मेंदूच्या देठात लोकस सिरुलियस नावाचा एक निळसर ठिपका आहे. नॉरॲड्रेनलिन हे रसायन मेंदूभर पसरवणं हे त्याचं काम. एखादी गोष्ट महत्त्वाची आहे, जपून ठेव, असा शेरा मारायला हे रसायन लागतं. जागेपणी ते वाहत असतं, झोपेत कमी होतं आणि रेममध्ये त्या पेशी जवळजवळ पूर्ण गप्प होतात. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींचंही तेच. कपाळामागचा, तर्क आणि देखरेख करणारा भागही मंदावलेला. म्हणून तर वारलेले आजोबा ओट्याशी चहा गाळताना दिसले तरी स्वप्नात काही वावगं वाटत नाही. उलट भीती आणि उत्कट भावनांशी निगडित ॲमिग्डला जोरात. 1990 च्या दशकातल्या मेंदूच्या छायाचित्रणाने हे चित्र स्पष्ट केलं. तेव्हा स्वप्न म्हणजे पाटीवर ओल्या बोटाने लिहिलेलं अक्षर. असतं तेव्हा स्वच्छ वाचता येतं, वाळलं की गेलं.

यात भर म्हणून 2019 साली जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी रेममध्ये सक्रिय असतात. त्या वेळी त्या बंद पाडल्या तर उंदरांची आदल्या दिवशीची आठवण सुधारली. म्हणजे रेममध्ये नोंद राहून जाते एवढंच नसावं, पुसण्याचंही काम चालत असावं. उंदराला स्वप्न विचारता येत नाही, त्यामुळे यावरून माणसाच्या स्वप्नांबद्दल फार ताणू नये. पण दिशा बोलकी आहे.

जाग येते तेव्हा काही सेकंदांत नॉरॲड्रेनलिनच्या पेशी कामाला लागतात. त्या क्षणी स्वप्नाचा शेवटचा तुकडा मनात अजून ओला असेल आणि जाग पुरेशी टिकली, तर तो लिहिला जातो. किती टिकायला हवी? लिआँमध्येच पेरीन रुबी यांच्या गटाने आठवड्यातून पाच-सहा स्वप्नं आठवणारे आणि महिन्यातून जेमतेम दोन आठवणारे अशी माणसं शेजारी शेजारी तपासली. झोपेच्या आवर्तनांत मोठा फरक नव्हता. फरक होता तो रात्रीतल्या जागेपणात. पहिल्या गटाचा रात्रीतला जागेपणा एकूण अर्ध्या तासाच्या घरात, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा. पहिल्यांची प्रत्येक जाग सरासरी दोन मिनिटांची, दुसऱ्यांची एका मिनिटाची. झोपेत नाव हाक मारल्यासारखं ऐकवलं, तेव्हाही पहिल्या गटाच्या मेंदूने जास्त दखल घेतली. म्हणजे ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं म्हणणारा बहुधा सलग झोपणारा सुखी माणूस असतो. त्याला कमतरता म्हणायचं कारण नाही.

एका मिनिटाची किंमत काय असू शकते, याचं उदाहरण ऑटो लोवी. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे औषधशास्त्राचे प्राध्यापक. मज्जातंतू स्नायूला संदेश देतात तो विजेने की रसायनाने, हा त्या काळचा वाद. एका रात्री स्वप्नात त्यांना प्रयोगाची कल्पना सुचली. ते उठले, कागदाच्या चिटोऱ्यावर चार ओळी खरडल्या आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, आणि आठवेना तर काहीच. पुढच्या रात्री तीनच्या सुमाराला तेच स्वप्न परत आलं. या वेळी त्यांनी झोपायचा धोका पत्करला नाही, सरळ प्रयोगशाळा गाठली. बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस उद्दीपित करताच ते मंदावलं, त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर दुसरंही मंदावलं. संदेश रासायनिक होता. 1921 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 1936 साली लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. गंमत पुढेच आहे. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, आणि रेम झोपेत नॉरॲड्रेनलिन गप्प असताना मेंदू ज्याच्या जोरावर जागा असल्यासारखा चालतो ते हेच.

मग स्पष्ट, तीव्र स्वप्नाचा जागेत काही वाटा नाहीच का? आहे, आणि दोन ठिकाणी आहे. भीती वाढत गेली की छाती धडधडते, श्वास अनियमित होतो, आणि एका मर्यादेपलीकडे झोप तुटते. अभ्यासक वाईट स्वप्न आणि जाग आणणारं भयस्वप्न यांत फरक करतात तो याच तुटण्यावरून. दुसरा वाटा नंतरचा. डेव्हिड कूलॅक आणि डोनाल्ड गुडइनफ यांनी 1976 साली मांडणी केली, की स्वप्न नोंदलं जायला जाग लागते, पण नोंदलेलं पुन्हा सापडायला त्यात लक्ष वेधणारं काहीतरी लागतं. रांगेत उभं राहून पावती घेतल्याचं स्वप्न जाग येऊनही दुपारपर्यंत टिकत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये पेनच नसल्याचं टिकतं.

लहान मुलांच्या घरात हा भेद डोळ्यांनी पाहता येतो. झोपून तास-दीड तास झालेलं पोर अचानक उठून बसतं, किंचाळतं, डोळे उघडे पण आईला ओळखत नाही, घामाने निथळलेलं. घर घाबरतं, कुणी मीठमोहऱ्या काढतं. दहा मिनिटांनी पोर आडवं होतं आणि सकाळी विचारलं तर त्याला काहीही ठाऊक नसतं. हे स्वप्न नव्हे, गाढ झोपेतून अर्धवट झालेली जाग आहे. तेच मूल पहाटे चारला रडत उठलं, तर आईला घट्ट धरतं आणि विहिरीतला माणूस कसा होता ते तपशीलवार सांगतं. पहिल्या वेळी उठवू नये, पडणार-धडपडणार नाही एवढं पाहावं. दुसऱ्या वेळी जवळ घ्यावं.

तपशिलावरून तुकोबांचं स्वप्न आठवतं. गुरूपदेशाचा तो अभंग मराठी माणसाला नवा नाही. गंगेच्या स्नानाला जाताना वाटेत गुरू भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, परंपरेतली नावं सांगतात, मंत्र देतात. तिथी-वारही आहे, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. आणि या सगळ्यात एक पावशेर तूप आहे. गुरूंनी ते जेवणासाठी मागितलं आणि स्वप्नातल्या स्वप्नात तुकोबा ते द्यायचं विसरले. भक्ताने त्यात कृपा पाहावी. मला त्या तुपामुळे हे स्वप्न अस्सल वाटतं. रचून सांगणाऱ्याने एवढ्या मोठ्या प्रसंगात पावशेर तुपाचा विसर कशाला घातला असता?

एखाद्या काळात स्वप्नं अचानक वाढली, रात्री दोन-तीनदा स्वप्नातूनच जाग येते, असं वाटलं तर आधी झोप मोडणाऱ्या गोष्टी तपासाव्यात. दारूने पूर्वरात्रीची रेम दबते आणि तिचा अंमल उतरला की उत्तररात्री ती उसळून येते. घोरणाऱ्यांचा श्वास रेममध्ये जास्त अडतो, कारण घशाचे स्नायूही सैल पडतात. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या रेम दाबतात आणि त्या एकदम सोडल्या की स्वप्नांचा पूर येतो. रक्तदाबावरची काही बीटा-ब्लॉकर औषधं आणि धूम्रपान सोडण्यासाठी लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या यांनीही स्वप्नं गडद होतात. स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन टिकवून धरतं, त्यामुळे रात्रीच्या गोळीने स्वप्नं फार पडू लागली तर डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये.

आणि स्वप्न मुद्दाम लक्षात ठेवायचं असेल, तर कॅल्किन्सबाईंची तक्रार ध्यानात घ्यावी. जाग आल्यावर हलू नये, डोळे उघडू नयेत, फोनला हात लावू नये. शेवटच्या दृश्यापासून मागे मागे जावं आणि मगच लिहावं. काही दिवसांत आठवण वाढते. दचकवणाऱ्या स्वप्नांचा ज्यांना त्रास आहे, त्यांनी अर्थातच हा उद्योग करू नये.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यायची आहे. रेममधलं स्नायूंचं लुळेपण काहींमध्ये, विशेषतः पन्नाशीपुढच्या पुरुषांमध्ये, नाहीसं होतं. ते झोपेत स्वप्नाप्रमाणे ठोसे मारतात, लाथा झाडतात, ओरडतात, पलंगावरून पडतात. 1986 साली मिनेसोटातले कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी या विकाराचं रीतसर वर्णन केलं. पॅरिसच्या एका गटाला 2015 साली अशा रुग्णांमध्ये आयुष्यात कधीच स्वप्न न आठवलेली माणसंही सापडली. चित्रफितीत ती झोपेत भांडताना, बोलताना दिसत होती, आणि सकाळी त्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. या विकाराच्या अनेक रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन्स किंवा तत्सम आजार होतो, म्हणून वेळेवर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला हवं. जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या. काय घडलं ते त्यालाच सांगता येईल, लाथा त्यानेच खाल्लेल्या असतात.